दाढ काढायचे किती पडतात

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं होतं की येथे सर्व उपचार मोफत होतात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तो डॉक्टर बदलून गेला. त्याच्या जागी आज जो असेल त्याच्या माथी मागचं पाप कशाला मारा. पण ती भिंत खोटं बोलते हे कापूस वेचणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक होतं. किन्हीराजाकडून एसटीने येणाऱ्यांना ठाऊक होतं, मळ्यातल्या माळ्यांना ठाऊक होतं, आमच्या बौद्ध वस्तीत तर शेंबड्या पोरालाही. आणि जे सगळ्यांना ठाऊक, ते छापायला गावातला एकच माणूस तयार नव्हता. छापखाना मात्र त्याच एकाचा होता.

त्याला सगळे भाऊ म्हणत. तोंडावर मी त्याला तुमी म्हणे. इथे एकेरी लिहितो, कारण ज्याच्याशी इतका भांडलो त्याला आदराने लिहायला गेलं की खोटं उतरतं, आणि खोट्याचा त्याला फार राग.

चाळिशी उलटलेला, उंच, खांद्यात वाकलेला माणूस. नखांत कायम शाई. घरचा मळा होता. त्याचे दोघे सख्खे भाऊ नाल्याकाठी वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर लावत आणि बाजारात नेऊन विकत. ह्याने आपल्या वाटणीचा तुकडा त्यांना देऊन टाकला आणि पायाने चालवायचं एक जुनं छपाईचं मशीन आणलं. त्यातला धाकटा बाजारात बसून सांगे, "आमी वांगे विकतो. थो कागद काळे करून विकते. वांगं निदान खाता तरी येते."

भाऊचा एक कायदा होता. स्वतः खात्री केल्याशिवाय तो अक्षर जुळवत नसे. मंगरूळपीरच्या उर्सात खेळ लावायला निघालेला एक सर्कसवाला त्याच्याकडे जाहिरात घेऊन आला. मजकूर होता, सात खूँखार वाघ. भाऊने सायकल काढली, तंबूवर गेला, पिंजरे पाहून परत आला.

"तीन हायेत," तो म्हणाला. "तीन छापतो."

"बाकीचे मागून येऊन राह्यले ना, भाऊ."

"मागून आले का मागून छापू."

"बरं तीन तं तीन. पण खूँखार राहू द्या."

"त्यातला एकही उठून उभा नाई राह्यला. मी कसं लिहू?"

शिरपूरचे एक गृहस्थ मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले, नावापुढे पदवीधर. भाऊने विचारलं, पास झाला काय? निकाल लागायचा होता. "मंग पत्रिका निकालानंतर घेऊन जा," म्हणाला. मुहूर्त निकालाच्या आधीचा होता. गृहस्थ तसेच उठून वाशीमला गेले आणि तिथे पोराला पदवीधर करून आले. भाऊचं निम्मं काम असं वाशीमच्या गाडीने जाई. वहिनी, म्हणजे त्याची बायको, मशीनवर कागद लावता लावता म्हणायची, "हा छापखाना नोहे बापू, कोर्ट हाय. फक्त इथं न्यायाधीश उपाशी मरते."

माझ्या पत्रकांशी त्याचं खास वैर. आम्ही वस्तीतली पाचसात पोरं होतो, शिकलेली आणि बेकार. मंडळ काढलं होतं. पत्रकं मी लिहीत असे. 'शोषकांनो याद राखा' याच्या पुढे मी तीन उद्गारचिन्हं घातली की हा जुळवताना एक ठेवी आणि दोन परत खणात टाकी. "लेका, वरडाचं असन तं चौकात वरड. कागदावर काहून वरडतं?" मी म्हणे, पैसे आमचे, चिन्हं आमची. तो म्हणे, शाई माझी.

त्या हिवाळ्यात माझ्या मायची दाढ काढली. सरकारी दवाखान्याचा डॉक्टर, सरकारी औजार, आणि वीस रुपये. वीस रुपये म्हणजे माझ्या मायचं आठवडाभर वाकून वेचलेलं पांढरं सोनं. त्यात एकही दिवस मी वेचायला गेलो नव्हतो, पण रक्त माझंच तापलं. रात्रीतून पत्रक लिहिलं. मथळा होता, दाढेमागे वीस रुपये : मोफत दवाखान्यातली लूट. सकाळी भाऊच्या समोर आपटलं.

त्याने ते दोनदा वाचलं. "हे कोण म्हनते?"

"जनता म्हनते."

"जनता कुठं राह्यते? तिचं नाव सांग, मी जाऊन विचारतो."

मी म्हणालो, माझी माय राहते, चला. तो खरंच आला. आमच्या दारात सायकल लावली, बाजेवर बसला, पाणी मागून प्याला. त्या काळात मळ्याकडचा माणूस आमच्या वस्तीत पाणी मागून पितो, ही गोष्ट शेजारच्या बायांनी दारात उभं राहून पाहिली. मग त्याने मायला सरळ विचारलं.

"माय, डॉक्टरनं पैसे घेतले?"

"घेतले ना. वीस."

"तुमच्या नावानं छापू?"

माय हातातली सुपली हलवायची थांबली. "नाव नका टाकू बापू. मोठ्या सुनेले दिवस भरत आले. उद्या रातच्याले काही झालं तं डॉक्टर थोच एक हाय."

मी तिच्यावर चिडलो. भाऊ चिडला नाही. त्या आठवड्यात आम्ही कितीतरी दारं फिरलो. एसटीचा एक मेकॅनिक होता, एक शाळामास्तर, मिरच्या विकणारी एक म्हातारी. पैसे सगळ्यांनी दिले होते. कोणी पंधरा, कोणी पंचवीस. नाव द्यायला एकही तयार नाही. मास्तर तर म्हणाले, "लिहा की, पण 'एक शिक्षक' असं लिहा." भाऊ म्हणाला, "तसे तालुक्यात शेकडो हायेत मास्तर. डॉक्टर कोणाले खोटं पाडन?"

परतताना पुलावर त्याने सायकल थांबवली आणि गालावर हात ठेवला.

"मले एक दाढ हाय. एकदम मागची. दोन महिन्यांपासून ठणकून राह्यली."

"अक्कलदाढ?"

"व्हय. आता निघून राह्यली. आमच्या घरी सगळंच उशिरा येते." मग म्हणाला, "मी जातो दवाखान्यात. मले पैसे मागितले का माझ्या नावानं छापतो, माझ्या खर्चानं. नाई मागितले तं तू तुझं पत्रक गिळून टाकजो."

सोमवारी आम्ही दोघं गेलो. कंपाउंडर होता तो गावातलाच, डोक्याला तेल चोपडलेला. त्याने भाऊच्या तोंडात पाहिलंही नाही.

"इथं दाढेचं औजार नाई. सायेबाच्या घरी हाय. संध्याकाळी घरी या."

"औजार सरकारी हाय ना? मंग घरी कसं गेलं?"

"थे मले नका इचारू."

"घरी किती पडतात?"

"थे बी सायेबालेच इचारा."

मी भाऊला बाजूला ओढलं. मागितले की, मी म्हणालो, छापा आता. तो म्हणाला, "कुठं मागितले? त्यानं आकडा सांगितला काय?" मग चला घरी, मी म्हणालो, वीस द्या, पुरावा तयार. त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसा मी आठवा वाघ घेऊन आलो होतो. "देले तं घेणारा चोर अन् देणारा बी चोर. चोराच्या नावानं पत्रक काढतं काय? अन् घरी गेलो तं थो दवाखाना नाई राह्यत. घरी कोणी काही बी घेईन. माझी दाढ इथं निघन, ह्या भिंतीखाली." आणि तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला.

दुपारी डॉक्टर बाहेर आला. शहरातला, तरुण, इस्त्रीचा शर्ट. वाकून गाल दाबून म्हणाला, "सूज आहे. आधी पेनिसिलिन घ्यावं लागेल, मग दाढ."

"द्या."

"साठा संपलाय. बाहेरून आणा."

"भिंतीवर लिहिलं हाय सगळं इथंच भेटते."

"मग भिंतीकडून घ्या," डॉक्टर म्हणाला आणि आत गेला. बाकावरचे पेशंट हसले. भाऊही हसला, पण हसताना त्याचा हात गालावर गेला.

मंगळवारी तो परत तिथेच. बुधवारीही. सकाळी दार उघडायच्या वेळी येई, बंद व्हायच्या वेळी जाई. छापखाना बंद. गालाची सूज आधी सुपारीएवढी होती, मग गाल पूर्ण भरला, डाव्या डोळ्याखालची चामडी ताणून चकाकायला लागली. बुधवारी दुपारी त्याचं तोंड उघडेनासं झालं. दातांच्या फटीतून बोलायला लागला, त्यामुळे एरवीपेक्षा कमी बोले आणि प्रत्येक शब्द आणखीच छापल्यासारखा वाटे. वहिनी ताकाचा गडवा घेऊन यायची. एक घोट आत जायला तिला पाच वेळा पुसावं लागायचं.

"अकोल्याले नेतो," मी म्हणालो. "संध्याकाळची गाडी हाय."

"नेऊन का होईन?" दातांतून उत्तर आलं. "अकोल्याले दाढ निघते हे मले माहीत हाय. इथं निघते का, थे पाह्यचं हाय."

मी रागाने कंपाउंडरच्या टेबलावर जाऊन उभा राहिलो, आवाज चढवला, मोर्चा आणू म्हणालो. तो केस पेपर फाडत राहिला. "आना ना मोर्चा. मोर्चातल्या कोनाले दाढ दुखत असन तं त्याले बी संध्याकाळी घरी पाठवा."

गुरुवारी सकाळी मी पोचलो तेव्हा भाऊ बाकावर बसलेला नव्हता, आडवा होता. अंगात ताप. सूज गालावरून उतरली होती, आणि मला क्षणभर बरं वाटलं. मग मी पाहिलं की ती कमी झाली नव्हती, खाली सरकली होती. जबड्याखालून गळ्यापर्यंत सगळं दगडासारखं टणक. त्याला थुंकी गिळता येत नव्हती. ती ओठाच्या कोपऱ्यातून गळत होती. श्वास घेताना घशात काहीतरी घरघरत होतं. बाकी पेशंट बाकापासून दूर सरून उभे होते.

हा माणूस मरतो की काय, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं. एका दाढेपायी. भिंतीवरच्या एका ओळीपायी.

वहिनी धावत आली. तिने त्याच्या गळ्याला हात लावला आणि तडक आत घुसली. मी मागे. डॉक्टरच्या टेबलावर तिने कमरेची पिशवी सोडून नोटा ठेवल्या.

"वीस नाई, हे तीस हायेत. घ्या. काढा. ह्यायची अक्कल मंग पाहू."

डॉक्टर उठून बाहेर आला. आधी कंटाळलेला चेहरा होता त्याचा. त्याने भाऊच्या हनुवटीखाली दोन बोटं दाबली आणि चेहरा बदलला.

"जीभ वर करा. वर. टाळूला लावा."

भाऊला जमलं नाही.

"कधीपासून असं आहे?"

"तुमच्याच दारात हाय," मी म्हणालो, "सोमवारपासून."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "आत घ्या याला. आत्ता." कंपाउंडरला घरी पिटाळलं, औजारं आणायला. संपलेलं पेनिसिलिन कपाटाच्या वरच्या फळीवर निघालं. वहिनी नोटा घेऊन त्याच्या मागे मागे, "सायेब, हे ठेवा ना," आणि दारात भाऊने तिचं मनगट धरलं. दोघांनी उचललेला माणूस, मान वळवता येत नाही, पण मनगट सोडीना. दातांतून तीन शब्द आले. "इथं. पैसे. नाई."

सगळा व्हरांडा बघत होता. डॉक्टरचा हात नोटांच्या दिशेने निघाला होता की त्या बाजूला सारायला, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. तो म्हणाला, "तुमच्यापाशीच ठेवा बाई ते."

हनुवटीखाली चीर देऊन पू काढला. वास इतका की कंपाउंडरने नाकाला रुमाल लावला. ताप उतरू लागला, तोंड बोटभर उघडू लागलं, आणि शनिवारी डॉक्टरने दाढ काढली. मी डोकं धरून उभा होतो. दाढ हाडात आडवी पडलेली. छिन्नीने हाड फोडावं लागलं, दाढेचे तुकडे करावे लागले. भूल पुरली नाही. भाऊ ओरडला नाही, पण त्याच्या टाचा टेबलावर आपटत होत्या, तो आवाज माझ्या कानात राहिला आहे. डॉक्टर घामाने भिजला होता. शेवटचा तुकडा ताटलीत पडला तेव्हा तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ हातमोजे काढायचेही विसरला.

पैसे मागितले नाहीत. भाऊ बिनपैशांनी बाहेर आला.

आठवड्याने मी छापखान्यात गेलो. म्हणालो, आता जुळवा.

"का जुळवू? माझ्यापाशी पैसे घेतले नाईत."

"तुमी छापखानेवाले म्हणून नाई घेतले. सगळे पाहत होते म्हणून नाई घेतले."

"असन. पण त्याच्या मनातलं मले छापता येत नाई."

मी त्या दिवशी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तुमच्यासारख्या प्रामाणिक माणसांच्या जिवावरच हे चोर जगतात, असा त्याचा अर्थ. तो ऐकत होता. ऐकता ऐकता चहा पीत होता आणि चहा डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर, हनुवटीवरून सदऱ्यावर उतरत होता. त्याला पत्ता नव्हता. वहिनीने येऊन पुसलं तेव्हा कळलं. खालचा डावा ओठ आणि अर्धी हनुवटी बधिर झाली होती. चिमटा काढला तरी कळेना.

भाऊ उठला, शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवायला लागला, आणि तासाभराने ओला कागद माझ्या हातात दिला. वर त्याचं नाव, घराचा पत्ता. खाली : माझी दाढ येथील सरकारी दवाखान्यात फुकट काढण्यात आली.

"हे तं डॉक्टरचं कौतुक हाय," मी म्हणालो. "अन् खोटं बी हाय. अर्धा ओठ गेला तुमचा. फुकट कशी निघाली?"

त्याने कागद परत घेऊन तो शब्द पाहिला. मग चिमट्याने 'फुकट' उपटून काढला आणि तिथे घातलं, 'एक पैसाही न घेता'. "हे खरं हाय," तो म्हणाला. "आता वाट."

बाजाराच्या दिवशी आम्ही एसटी स्टँडवर वाटलं, मिरचीच्या ओळीत वाटलं, दवाखान्याच्या फाटकाशी वाटलं. मला वाटलं लोक हसतील. लोक हसले नाहीत. मेकॅनिकने कागद वाचला, घडी केली, म्हणाला, "मंग माह्यापाशी पंचवीस कायचे घेतले?" आणि तडक दवाखान्याकडे चालू लागला. ज्यांनी नाव द्यायला नकार दिला होता त्यांना आता नाव द्यायची गरजच नव्हती. फक्त कागद दाखवायचा होता. भाऊची काढली तशी आमची काढा. त्यात तक्रार कसली? डॉक्टरचं कौतुकच होतं ते. दुसऱ्या दिवसापासून बाकावर गाल धरून बसलेली माणसं दिसू लागली, आणि औजारं दवाखान्यातून हलेनात.

काही दिवसांनी डॉक्टर स्वतः छापखान्यात आला. मी तिथे कागद मोजत होतो, वहिनी मशीनपाशी होती.

"हे काय चालवलंय तुम्ही?" त्याने पत्रक टेबलावर ठेवलं.

"खोटं हाय काय त्यात?"

भाऊ बोलत असताना ओठ एका बाजूलाच हलत होता. डॉक्टर ते पाहत होता. मग तो जवळ आला, खिशातल्या पेनाचं टोक भाऊच्या हनुवटीला लावलं.

"लागतं?"

"नाई."

"इथे?"

"नाई."

"नस दुखावलीय." तो स्टुलावर बसला. "येतं परत कधी कधी. कधी नाही येत. सूज पुरती उतरायच्या आत हात घातला मी. पण तुमचा गळा... थांबायची भीती वाटली. पहिल्याच दिवशी इंजेक्शन दिलं असतं तर ही वेळ..." आणि तो थांबला.

"पह्यल्या दिवशी मी तुमच्याच बाकावर होतो," भाऊ म्हणाला. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होता : "हे तुमच्या नावानं छापू काय?"

डॉक्टरने मान हलवली. नको. उठला, पत्रक तिथेच राहिलं, तो उन्हात निघून गेला.

मी हातातले कागद आपटले. "आता तरी. मी ऐकलं, वहिनीनं ऐकलं. त्यानं कबूल केलं."

"त्यानं नाव नाई देल्लं."

"अन् तुमचा ओठ?"

"ओठ माझा हाय. पण मले तिथं काही लागतच नाई, तं मी का लिहू? माझ्यापाशी कोणी पैसे नाई घेतले. मले माहीत हाय तेवढं मी छापलं."

वहिनी मशीनवरून उतरली. पदराला हात पुसले. मग त्याच पदराने त्याची हनुवटी पुसली, कारण तो बोलताना पुन्हा गळायला लागली होती.

"ह्यायले नाई माहीत," ती मला म्हणाली. "मले माहीत हाय दाढेले किती पडले थे. घोट घोट ताक पाजलं थे मले माहीत हाय. व्हरांड्यात काय घरघर वाजत होतं थे मले माहीत हाय. रोज चहा पुसून राह्यली थे बी. सांगनारी मी हाय, तुमी छापा. नाव माझं टाका."

वऱ्हाडातली बाई नाव टाका म्हणते, तेही छापील, तेही सरकारी डॉक्टरविरुद्ध. मी भाऊकडे पाहिलं. तो म्हणेल पुरावा काय, खात्री काय, असं मला वाटलं.

त्याने चौकटीतला जुना मजकूर सोडवून खणात टाकला. जुळणीची रिकामी पट्टी हातात घेतली आणि उभ्यानेच बायकोकडे वळला.

"सांग," तो म्हणाला. "हळू सांग. एक एक अक्षर जुळवाचं हाय."